ते २९ टक्के नेमके कशाचे? (प्रतिक्रियेला उत्तर)

पीएओ, म्हणजे खुब्याची उथळ वाटी कमरेच्या हाडातून कापून, फिरवून नीट बसवायची सर्जरी, यावर मी लिहिलं होतं. त्यावर "३० वर्षांत सत्तर टक्के खुबे फेल जातात, मग माझ्या २४ वर्षांच्या मुलीचं कंबरेचं हाड कापायचं कशाला, सरळ हिप रिप्लेसमेंट करून मोकळं व्हावं, तुम्ही लोकांना खोटी आशा लावताय" असं तुम्ही लिहिलंय. पोरीचा प्रश्न आहे, राग येणारच. पण त्या आकड्याचा अर्थ तुम्ही लावलात तसा नाहीये.

गांझ या सर्जननी स्वित्झर्लंडमधल्या बर्नला ही पीएओ सर्जरी १९८४ मध्ये सुरू केली आणि तिथल्या अगदी पहिल्या ७५ खुब्यांचा ३० वर्षांनंतरचा हिशोब म्हणजे ते २९ टक्के, म्हणजे फेल न झालेले खुबे. त्यात फेल कुणाला धरलंय ते बघा ना. रिप्लेसमेंट झालेले आलेच, पण एक्स-रेमध्ये झीज एका ग्रेडने वाढली तरी फेल, दुखणं-चालणं-हालचाल यांचा स्कोअर ठरलेल्या रेषेखाली गेला तरी फेल. म्हणजे स्वतःच्याच खुब्यावर चालणारी माणसंही त्या ७१ मध्ये आहेत! याच पेशंटांचे साधारण २० वर्षांनी ६० टक्के खुबे शाबूत होते, रिप्लेसमेंट वगैरे काही न होता.

आणि ते पहिलेच पेशंट होते हो, वाटी किती फिरवायची हे तेव्हा अजून शिकणं चाललेलं, काहींची वाटी पुढून जास्तच झाकली गेली आणि मग पाय पोटाशी घेतला की मांडीचं हाड तिच्या कडेवर अडायचं. शिवाय चाळिशी ओलांडलेले, आधीच झीज झालेले, लंगडत आलेले असेही त्यात होते आणि जास्त करून तेच फेल गेले.

रिप्लेसमेंट वाईट नाहीच, पण चोविशीत बसवलेला सांधा आयुष्यभर पुरेल असं धरून चालता येत नाही आणि तो बदलायचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. पीएओनंतर पुढे लागलंच तर रिप्लेसमेंट करता येतं.

सोपं आहे असं मी कधीच म्हटलं नाही. कित्येक आठवडे कुबड्या, आणि माझ्या मांडीच्या पुढच्या बाजूला अजूनही एक पट्टा बधिर आहे, खिशातला फोन व्हायब्रेट झालेला कळत नाही, तिथली नस ताणली जाते म्हणून हे बऱ्याच जणांना होतं.

मुलीच्या बाबतीत सर्जनना एवढं विचारा: टॉनिस ग्रेड (एक्स-रेमधली झीज, शून्य ते तीन) किती आणि एमआरआयमध्ये कुर्चा कशी आहे? ग्रेड शून्य किंवा एक असेल तर रिप्लेसमेंटची घाई करू नका. दोन-तीन म्हणाले तर तुमचं म्हणणं बरोबर ठरू शकतं.