स्प्रिंग बदलली की चाप हलका, आणि तोटा शून्य? साफ चूक!

‘अमेरिकन स्प्रिंगचं पाकीट मागवा, दहा मिनिटांत बदला, छोट्या रिव्हॉल्व्हरचा जड चाप निम्म्याने हलका होतो, तोटा काहीच नाही.’ असं सांगणारा एक व्हिडिओ सध्या परवानाधारकांच्या ग्रुपवर फिरतोय. फिरतोय तर फिरू दे म्हटलं असतं, पण माझ्या चुलतभावाने तो पाहून टेक्सासमधल्या भाच्याला फोन केला, ‘दिवाळीला येताना बॅगेत टाकून आण.’ आता मात्र गप्प बसवत नाही.

आधी व्हिडिओत काय दिसतंय ते नीट बघा. ती स्मिथ अँड वेसनची जे-फ्रेम आहे, 1950 पासून अमेरिकेत चालत आलेली पाच गोळ्यांची घडण, आत घोड्यामागे, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या हातोडीमागे, गुंडाळी स्प्रिंग. भावाकडे आहे कानपूरच्या कारखान्याची .32 बोअरची रिव्हॉल्व्हर. ती जुन्या ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या घडणीवर बेतलेली, नळी बिजागरीवर खाली झुकवून गोळ्या भरायची. आतली रचनाच वेगळी. ते पाकीट तिच्यात बसणारच नाही. इतकी साधी गोष्ट न सांगता ‘कुठल्याही छोट्या रिव्हॉल्व्हरला चालतं’ म्हणायचं, हा बेजबाबदारपणा आहे.

‘तोटा शून्य’ हे तर सरळ खोटं. चाप ओढताना बोटाला जो जोर लागतो, त्यातला बराचसा मुख्य स्प्रिंग दाबण्यात जातो. तीच स्प्रिंग सुटली की घोडा पुढे आदळतो आणि काडतुसाच्या बुडातला प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी टिकली, फुटतो. स्प्रिंग नरम केली की बोटाचा त्रास कमी होतो, पण तेवढाच घाव कमी पडतो. प्राइमर सगळे सारखे नसतात; अमेरिकेतले स्पर्धेचे नेमबाज हलकी स्प्रिंग घालतात तेव्हा मुद्दाम नरम प्राइमरची काडतुसं निवडतात, आणि शेकडो गोळ्या झाडून खात्री करतात. आपल्याकडे? खडकीच्या कारखान्याची काडतुसं मिळतात ती घ्यायची, आणि वर्षाला किती घ्यायची तो आकडा परवान्यावर लिहिलेला. खात्री करायला गोळ्या आणणार कुठून? म्हणजे स्प्रिंग पुरेशी आहे की नाही हे कळणार ते नेमकं गरजेच्या वेळी, नुसता ‘टक’ आवाज आल्यावर.

त्यावर व्हिडिओवाल्याचं उत्तर, ‘गोळी नाही सुटली तर परत चाप ओढा, पुढची येते.’ अर्धं खरं आहे, मान्य करतो. रिव्हॉल्व्हरची चकरी, म्हणजे काडतुसं ठेवायचं गोल फिरतं नळकांडं, फिरते आणि पुढचं काडतूस समोर येतं. पण त्याच्यावरही घोडा त्याच नरम स्प्रिंगच्या जोराने पडणार! शिवाय कधी कधी प्राइमर उशिरा पेट घेतो. म्हणूनच रेंजवर गोळी सुटली नाही तर नळी निशाण्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबायला शिकवतात. लगेच चकरी फिरवली आणि मागचं काडतूस नळीसमोरून सरकल्यावर पेटलं, तर हाताचं काय होईल याचा विचार करा.

‘दहा मिनिटांचं काम’, यावर फार बोलत नाही. जे-फ्रेममध्ये चाप परत पुढे आणणारी दुसरी स्प्रिंग असते. तीही हलकी केली की चाप रेंगाळत परततो, आणि घाईत बोट पूर्ण न सोडता पुन्हा ओढलं की घाव पडतच नाही. स्वतः कंपनीची पुस्तिका आतल्या भागांत फेरफार करू नका म्हणते.

आणि सगळ्यात घातक वाक्य, ‘ही फक्त स्प्रिंग आहे, हत्यार थोडंच आहे!’ शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 2 उघडा. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही येतात. कलम 10 प्रमाणे शस्त्र परवान्याशिवाय देशात आणता येत नाही, आणि कलम 5 प्रमाणे दुरुस्ती किंवा बदल करायलाही त्या कामाचा परवाना लागतो. रिव्हॉल्व्हर बाळगायचा परवाना म्हणजे ती खोलायचा परवाना नव्हे. 2019 च्या दुरुस्तीने शिक्षा आणखी कडक झाल्या आहेत. विमानतळावर बॅग उघडली तर अडकणार कोण? तो सव्वीस वर्षांचा भाचा, ज्याला चाप म्हणजे काय हेही धड माहीत नाही.

चाप जड आहे ही तक्रार मात्र खोटी नाही. जेमतेम 400 ग्रॅमची जे-फ्रेम आणि चापाला साडेपाच किलोच्या आसपास जोर, नळी हलणारच. कानपूरच्या .32 चा चापही बोटाला जडच लागतो. तुमचा चाप खरोखर अडखळत असेल, तर रिव्हॉल्व्हर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या. बऱ्याचदा आत वर्षानुवर्षं घट्ट झालेलं तेल असतं. बाकीचं काम सरावाचं: काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, चकरी दोनदा तपासून रिकामी, त्यात डमी काडतुसं, नळी भक्कम भिंतीकडे, नजर माशीवर (नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवर), आणि माशी न हलता चाप शेवटपर्यंत ओढायचा. रोज थोडा वेळ.