‘स्वादुपिंडाचा कॅन्सर म्हणजे सहा महिने’: हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

सांगली-मिरजेपासून कराड-साताऱ्यापर्यंत फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला की सहा महिन्यांत माणूस जातो, पर्रीकर आणि स्टीव्ह जॉब्जसुद्धा वाचले नाहीत. सुई टोचून तपासणी केली की गाठ पसरते. म्हणून ऑपरेशन-केमोच्या नादी लागू नका, हळद घ्या, आणि कावीळ असेल तर ती उतरवून घ्या.

मी मिरजेत पोटविकारांच्या वॉर्डात सिस्टर आहे. यातला कावीळ उतरवण्याचा सल्ला सगळ्यांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेते.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं. त्याचा डोक्याकडचा भाग लहान आतड्याच्या वळणात बसलेला असतो आणि यकृतातलं पित्त आणणारी नळी त्यातूनच जाते. निम्म्याहून जास्त गाठी या डोक्यातच होतात. गाठीने नळी दाबली की पित्त तुंबतं. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाला पांढरट-मातकट, अंगभर खाज. ताप नसतो, बऱ्याचदा पोटही दुखत नाही. घरच्यांना वाटतं, साधी कावीळ आहे.

मध्यंतरी एक काकी आल्या. गळ्यातली काविळीची माळ पोटापर्यंत आलेली, पोटऱ्यांवर खाजवून खाजवून ओरखडे. सून म्हणाली, “सिस्टर, माळ वाढली की कावीळ उतरते म्हणाले होते. माळ तर वाढली, पण डोळे तसेच आहेत.” माळ वाढते, कारण ती ओल्या काड्यांभोवती दोऱ्याचे फास टाकून केलेली असते. काड्या वाळून बारीक झाल्या की फास सैल पडतात आणि दोरा लांबतो. ती कुणाच्याही गळ्यात लांबेल, खुंटीला अडकवली तरी लांबेल. विषाणूची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं. गाठीने तुंबलेली नळी मात्र आपोआप मोकळी होत नाही. काकींचे ते आठवडे वाया गेले. डोळे पिवळे झाले तर रक्ताची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी त्याच आठवड्यात करा. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि वजनही उतरत चाललंय, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता ‘सहा महिने’. हा आजार फार वाईट आहे, हे मी लपवणार नाही. निदान होतं तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांचंच ऑपरेशन शक्य असतं. अमेरिकेच्या आकडेवारीत निदानानंतर पाच वर्षं जगणारे १९७० च्या दशकात शंभरात ३ होते, आता १३ आहेत. पण गाठ स्वादुपिंडापुरतीच असताना सापडली तर हाच आकडा ४४ च्या आसपास जातो आणि दूर पसरल्यावर सापडली तर ३ वर येतो. कुठल्या टप्प्यावर सापडला, हे विचारल्याशिवाय कुणालाही महिने सांगता येत नाहीत. ऑपरेशननंतर चांगली तब्येत असलेल्या रुग्णांना अनेक औषधांची एकत्रित केमो दिली, त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यातले निम्मे रुग्ण साडेचार वर्षांनंतरही हयात होते.

पर्रीकरांचा आजार फेब्रुवारी २०१८ मध्ये समोर आला, ते १७ मार्च २०१९ ला गेले. त्याआधी जानेवारीत, नाकात नळी असताना त्यांनी गोव्याचा अर्थसंकल्प मांडला होता. जॉब्ज यांची गाठ तर वेगळ्याच, सावकाश वाढणाऱ्या जातीची होती. निदान २००३ मध्ये झालं, मृत्यू २०११ मध्ये. आणि त्यांनी पथ्यपाण्यावर भरवसा ठेवून ऑपरेशन सुमारे नऊ महिने लांबवलं होतं, हे मेसेजमध्ये येत नाही.

सुईची भीती मी समजू शकते, पण ती उपचार अडवते. तोंडावाटे पोटात उतरवलेल्या दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने बघत, जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीतून बारीक सुईने नमुना घेतात. असा नमुना घेतलेल्यांचं आयुष्य त्यामुळे घटत नाही, असं मोठ्या अभ्यासांत दिसलंय. सीटी स्कॅनवरून गाठ सरळ काढता येण्यासारखी दिसली, तर बऱ्याचदा सुईशिवायच ऑपरेशन करतात. केमो द्यायची असेल तर मात्र नमुना हवाच.

हळद आपल्या सांगलीची शान, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिच्यातल्या कुरक्युमिनची चाचणी याच कॅन्सरवर झालेली आहे. २००८ मध्ये अमेरिकेतून निष्कर्ष आले. रुग्णांना रोज ८ ग्रॅम कुरक्युमिन दिलं होतं. एक-दोघांत काही परिणाम दिसला, बाकीच्यांत नाही. हळदीत कुरक्युमिन साधारण ३ टक्के धरलं तरी ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद पोटात जायला हवी. आमटीत घाला, दुधात घाला, पण तिच्या भरवशावर केमो थांबवू नका.

खर्चाला घाबरून घरी बसलेल्यांनी रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला भेटावं. या योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात.

आणि ऑपरेशन होण्यासारखं नसलं, तरी ‘घरी न्या’ याचा अर्थ ‘काहीच करू नका’ असा नाही. पित्तनळीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक नळी, घातला की कावीळ उतरते, खाज थांबते, रात्री झोप लागते. कंबरेत आणि पाठीत जाणाऱ्या कळा गोळ्यांनी थांबल्या नाहीत, तर मज्जातंतूंना इंजेक्शन देता येतं. खाल्लेलं अंगी लागत नसेल, शौचाला तेलकट होत असेल, तर पाचकरसाच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवायला बसतानाच, पहिल्या घासाबरोबर द्यायच्या, म्हणजे रस अन्नात मिसळतो.