टॉकिंग हेड्स : ठेका कोणाचा आणि नाव कोणाचे

टॉकिंग हेड्स या अमेरिकी रॉक बँडविषयी कोणीही लिहू लागले की दुसऱ्या परिच्छेदापर्यंत तो लेख त्याचा गायक डेव्हिड बर्न याच्याविषयीचा होऊन जातो, आणि हे मला बरीच वर्षे खटकत आले आहे. बर्न विलक्षण कलावंत आहे, यात शंका नाही. घाबरल्यासारखी, मध्येच चिरकणारी त्याची गायकी, रंगमंचावरचा त्याचा अवघडलेला वावर आणि प्रेमभंगापेक्षा इमारती, नोकऱ्या व कागदपत्रे यांत अधिक रमणारी त्याची शब्दकळा यांवाचून हा बँड ओळखताच आला नसता. तरीही माझे मत असे की टॉकिंग हेड्स मोठा झाला तो ठेक्याच्या बळावर, आणि तो ठेका प्रामुख्याने बास गिटार वाजवणारी टीना वेमाउथ व ड्रमवादक क्रिस फ्रँट्झ या दोघांचा होता.

बर्न, फ्रँट्झ आणि वेमाउथ हे तिघेही र्‍होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन या कलाशाळेतले. न्यूयॉर्कला आल्यावर बास वाजवणारे कोणी मिळेना, तेव्हा फ्रँट्झच्या आग्रहावरून टीनाने ते वाद्य नव्याने शिकायला घेतले. जून १९७५ मध्ये बावरी भागातील सीबीजीबी क्लबमध्ये रमोन्स या पंक बँडच्या आधी वाजवणाऱ्या या तिघांत ती जवळजवळ नवशिकीच होती. पुढे 'मॉडर्न लव्हर्स' या बँडमधला, कीबोर्ड व गिटार वाजवणारा जेरी हॅरिसन १९७७ मध्ये येऊन मिळाला, त्याच वर्षी पहिला अल्बम निघाला, आणि पंक, म्हणजे ओबडधोबड, आक्रमक रॉक, म्हटले की रेडिओवाले बिचकतात हे ओळखून सायर रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या सेमूर स्टाइन यांनी पुढे रेटलेले 'न्यू वेव्ह' हे बिरुद या चौघांनाही चिकटले. साधे शर्ट घालून, केस नीट विंचरून वाजवणाऱ्या या मंडळींना ते शोभलेही.

१९७८ च्या दुसऱ्या अल्बमपासून ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो निर्माता म्हणून आला. त्या अल्बममधले, मूळ सोल गायक अल ग्रीनचे 'टेक मी टू द रिव्हर' ऐकावे. मूळ गाण्याचा वेग मुद्दाम उतरवून, बास आणि ड्रम यांच्यामध्ये मोकळी जागा सोडून त्यांनी ते वाजवले, आणि अमेरिकेत पहिल्या तिसांत पोहोचलेले हे त्यांचे पहिले गाणे ठरले. बर्नने त्यात जे केले ते चांगलेच आहे; पण ऐकणारा थांबतो तो त्या मोकळ्या जागांपाशी.

खरा विषय मात्र १९८० चा 'रिमेन इन लाइट' हाच. आदल्या अल्बममधल्या 'आय झिंब्रा'त, ह्यूगो बालच्या अर्थहीन दादावादी (तर्क धुडकावणाऱ्या कलाचळवळीतल्या) कवितेवर चाल बांधताना, त्यांना आफ्रिकी लयीची वाट सापडली होती. आता बहामातील नासाउ येथील कंपास पॉइंट स्टुडिओत ते तयार गाण्यांवाचूनच गेले. प्रत्येकाने एखादा छोटासा तुकडा पुन्हापुन्हा वाजवायचा, तो ध्वनिमुद्रित करायचा, त्यावर दुसऱ्याने आपला थर चढवायचा, आणि स्वरसंगती बदलण्याऐवजी मिक्सिंगच्या टेबलावर हे थर चालू-बंद करून गाणे पुढे न्यायचे, अशी ती पद्धत होती. नायजेरियन संगीतकार फेला कुटीचे संगीत त्यामागे उघडच होते, आणि बँडने ते लपवले नाही. आफ्रिकी लयीवरील वाचनाची यादी त्यांनी पत्रकारांना धाडली होती. शब्द सर्वांत शेवटी आले. 'वन्स इन अ लाइफटाइम'मधले ते प्रवचनी बोलणे बर्नने रेडिओवरील धर्मोपदेशकांकडून उचलले, पण ते ज्यावर तरंगते तो बासचा तुकडा काढून घेतला, तर उरेल ते नुसते विक्षिप्त भाषण.

अशा रीतीने घडलेल्या संगीताचे श्रेय कोणाच्या नावावर लिहायचे? आपल्याकडे मैफलीच्या जाहिरातीत गवयाचे नाव ठळक आणि तबलजीचे बारीक टायपात छापतात, त्याचाच हा अमेरिकी अवतार म्हणावा लागेल. अल्बमच्या पहिल्या आवृत्तीवरील श्रेयनामावलीत बर्न आणि ईनो यांना जे स्थान मिळाले, त्यावरून बाकीचे तिघे दुखावले, वाद झाला, आणि नंतरच्या आवृत्त्यांत सर्वांची नावे आली. गंमत अशी की त्याच अल्बमच्या मुखपृष्ठावर चौघांचे चेहरे लाल रंगाने झाकलेले आहेत, आणि ती कल्पना मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेतील संगणकांच्या मदतीने प्रत्यक्षात आणली होती वेमाउथ व फ्रँट्झ यांनीच.

'आफ्रिकेचे संगीत गोऱ्यांनी उचलले' हा आक्षेप या अल्बमवर नेहमी येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. त्याला मिळालेले सर्वांत चांगले उत्तर मूळच्या बेनिनच्या गायिका अँजेलिक किजोने दिले, असे मला वाटते. बेनिन सोडून पॅरिसला आल्यानंतर एका पार्टीत 'वन्स इन अ लाइफटाइम' कानावर पडले तेव्हा हे आपल्याकडचेच आहे असे तिला वाटले, आणि सोबतच्यांना ते पटेना. २०१८ मध्ये तिने तो अख्खा अल्बम नव्याने गायला, तोही फेलाचा ड्रमवादक टोनी अ‍ॅलन याला बरोबर घेऊन. उसनवारीचा हिशेब इतक्या आनंदाने चुकता झाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरमध्ये चित्रित झालेला, जोनाथन डेमी यांनी दिग्दर्शित केलेला 'स्टॉप मेकिंग सेन्स' हा बँडच्या मैफलीचा चित्रपट बर्नच्या त्या अवाढव्य सुटासाठी लक्षात ठेवला जातो. मला तो त्याच्या सुरुवातीसाठी मोलाचा वाटतो. रिकाम्या रंगमंचावर बर्न गिटार आणि कॅसेट प्लेयर घेऊन एकटा येतो. दुसऱ्या गाण्याला टीना येते, तिसऱ्याला फ्रँट्झ, चौथ्याला हॅरिसन, आणि मग बर्नी वॉरेल, अ‍ॅलेक्स वेअर, स्टीव्ह स्केल्स, लिन मॅब्री, एडना होल्ट अशी नऊ जणांची भरगच्च फळी उभी राहते. गाणे कशाकशाचे बनते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा संगीतपट मी पाहिलेला नाही. शिवाय डेमी प्रेक्षकांकडे जवळजवळ शेवटपर्यंत कॅमेरा वळवत नाहीत, त्यामुळे कोणी टाळ्या वाजवतो की नाही याची फिकीर न करता आपण वाजवणाऱ्यांकडे पाहत राहतो.

वेमाउथ व फ्रँट्झ यांनी १९८१ मध्ये 'टॉम टॉम क्लब' या नावाने काढलेले 'जीनियस ऑफ लव्ह' हिप-हॉपवाल्यांनी उचलले आणि १९९५ मध्ये गायिका माराया केरीच्या 'फँटसी'चा पाया झाले. 'फँटसी' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. बर्नच्या छायेतील दोघे, असे ज्यांना आजही वाटते त्यांनी हे विसरू नये. बँड १९९१ मध्ये अधिकृतपणे संपला. २००२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या सोहळ्यात चौघे एकत्र वाजले, आणि २०२३ मध्ये चित्रपटाच्या नव्या प्रतीच्या निमित्ताने टोरांटोत एका मंचावर बसून चित्रपट दिग्दर्शक स्पाइक लीच्या प्रश्नांना उत्तरे देत होते, पण वाजवले नाही. पुन्हा दौरा काढावा, अशी चाहत्यांची ओरड चालू असते. त्यात मी सामील नाही. मतभेद इतके जुने असताना चौघांनी निव्वळ पैशासाठी हसरे चेहरे करून उभे राहावे, असे मला वाटत नाही.

नव्याने ऐकू इच्छिणाऱ्यांनी चित्रपटापासून सुरुवात करावी, मग 'रिमेन इन लाइट', मग मागे १९७८ पर्यंत जावे. १९८६ चा 'ट्रू स्टोरीज' राहिला तरी फारसे बिघडत नाही, जरी 'रेडिओहेड' या बँडने आपले नाव त्यातल्याच एका गाण्यावरून घेतले असले तरी.