चेंडू हवेत असताना

गेल्या शनिवारी रात्री पावणेअकराच्या सुमारास, शहात्तर भागांच्या मालिकेचा शहात्तरावा भाग संपायला मोजकी मिनिटे उरली असताना, माझ्या मामेसासऱ्यांनी माझ्या सात महिन्यांच्या तपश्चर्येवर एका वाक्यात पाणी ओतले. आज पाच दिवस झाले, तरी माझा राग पुरता उतरलेला नाही. मामा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अत्यंत प्रसन्न मुद्रेने परत गेले, आणि त्यांची ती प्रसन्न मुद्रा आठवली की उतरत आलेला राग पुन्हा चढतो.

मालिकेचे नाव ‘फ्रायडे नाइट लाइट्स’. टेक्सासमधल्या एका शाळेचा फुटबॉल संघ आणि त्या संघासाठी शुक्रवार ते शुक्रवार श्वास रोखून जगणारे गाव, असा तिचा विषय आहे. अमेरिकेत ती २००६ ते २०११ या काळात दाखवली गेली, म्हणजे ती संपून गेल्यावर मी ती पाहायला घेतली आणि तीही बऱ्याच वर्षांनी. या विलंबाला माझे एक तत्त्व जबाबदार आहे. पुस्तकावर बेतलेले काही पाहायचे असेल तर आधी पुस्तक वाचावे, असे मी मानतो. आणि पुस्तक विकत घेणे व ते वाचणे या दोन क्रियांमध्ये माझ्याकडे सरासरी काही वर्षांचे अंतर पडते. एच. जी. बिसिंजर नावाचा फिलाडेल्फियाचा एक पत्रकार १९८८ साली बायकामुलांसह ओडेसा या तेलाच्या गावी जाऊन राहिला आणि तिथल्या पर्मियन शाळेच्या संघाबरोबर त्याने अख्खा हंगाम काढला. त्यातून १९९० साली मालिकेच्याच नावाचे हे पुस्तक आले. ते वाचताना माणूस खेळ विसरतो आणि हिशोबात अडकतो. त्या शाळेत इंग्रजी विभागाच्या शैक्षणिक साहित्यावर वर्षाला ५,०४० डॉलर, तर मुलांच्या संघाच्या औषधपाण्यावर ६,७५० डॉलर खर्च होत होते, आणि सामन्यांना जाण्यासाठी भाड्याने घेतलेल्या विमानांवर एका हंगामात सुमारे सत्तर हजार डॉलर. मी या आकड्यांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या. मालिकेची तयारी उत्तम झाली, अशी माझी समजूत होती.

प्रत्यक्षात मालिकेत ओडेसा नाही, पर्मियन नाही आणि त्या हंगामातला एकही खेळाडू नाही. २००४ साली निघालेल्या चित्रपटात ते सगळे होते. मालिकावाल्यांनी मात्र डिलन नावाचे काल्पनिक गाव वसवून तिथे नवी माणसे आणून ठेवली. भूगोलाचा अभ्यास करून जावे आणि हातात इतिहासाचा पेपर पडावा, तशी माझी अवस्था झाली. शिवाय या गडबडीत मी इतका मागे पडलो की, ‘सध्या मी ही मालिका पाहतो आहे’ असे कुणाला सांगितले की समोरचा ‘अजून?’ असे विचारायचा. अनुकंपेने आणि खेदाने भरलेला हा एक शब्द मी सात महिन्यांत इतक्यांदा ऐकला आहे की, मला कुठल्या तरी परीक्षेला पुन्हा बसल्यासारखे वाटू लागले. त्यातही काही जणांची अशी पक्की धारणा असते की, मालिका जुनी झाली की तिच्यातले रहस्यही सार्वजनिक मालमत्ता होते आणि ते येताजाता कुणाच्याही अंगावर फेकायला हरकत नाही. एका सहकाऱ्याने मला दुसऱ्या पर्वातला खून जिन्यात सांगितला. (ते पर्व लेखकांच्या संपामुळे पंधरा भागांवरच थांबले आणि पुढे त्या खुनाची कुणी चौकशीही केली नाही, म्हणून त्या सहकाऱ्याला मी मनातल्या मनात माफ केले. संपाला नाही.)

तर मामा. मामा एका सहकारी बँकेच्या वसुली विभागातून निवृत्त झालेले आहेत. शनिवारी ते एका रात्रीच्या मुक्कामाला आले, आणि ‘मामा एकटे बसले आहेत, त्यांच्याजवळ बसा’ असा मला आदेश झाला. शेवटचा भाग मी त्या रात्रीसाठी राखून ठेवलेला होता. मी दोन्ही कर्तव्ये एकाच कोचावर पार पाडायचे ठरवले, आणि माझी चूक झाली ती इथे.

“जावईबापू, हा फुटबॉल ना?”

“हो, मामा.”

“मग चेंडू हातात का?”

हा अमेरिकी फुटबॉल असून त्यात पायाचाही उपयोग अधूनमधून करतात, असे मी सांगितले. मामांनी त्यावर बराच विचार केला. “अधूनमधून पाय लागतो म्हणून फुटबॉल म्हणायचे, तर कबड्डीलाही म्हणायला हवे. तिथे पाय जास्त लागतो.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. मग त्यांची तक्रार कॅमेऱ्याकडे वळली. चित्र सारखे हलत का आहे, टीव्ही दाखवून घेतला का, असे त्यांनी विचारले. या मालिकेत एका वेळी तीन कॅमेरे लावून आणि नटांना आधी तालमी न देता चित्रीकरण करत असत, त्यामुळे ते जिवंत वाटते, असे मी कौतुकाने सांगितले. “तालीम केलेली नाही, हे दिसतेच आहे,” मामा म्हणाले.

खरी गंमत पुढे झाली, आणि राग असला तरी ती नोंदवली पाहिजे. पाच सेकंद धावायचे, एकमेकांवर आदळायचे आणि मग गोल करून कुजबुजायचे, हा काय प्रकार आहे, असे त्यांनी विचारले. मी समजावू लागलो की, आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्न मिळतात, तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकले तर पुन्हा नवे चार मिळतात, नाही तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. मामांच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी ओळखीचे माणूस भेटल्याचा उजेड पडला.

“म्हणजे चार हप्ते! दहा यार्डांचे कर्ज चार हप्त्यांत फेडायचे. नाही फेडले तर जप्ती.”

मी होकार दिला. त्यानंतर त्यांनी जे समालोचन केले ते मालिकेतल्या समालोचकांपेक्षा सरस होते. “दोन हप्ते गेले, आठ यार्ड थकबाकी. हा बुडीत जाणार.” चौथ्या वेळी संघाने लांब लाथ मारून चेंडू देऊन टाकला तेव्हा ते “एकरकमी तडजोड” असे म्हणून समाधानाने मागे टेकले. सात महिन्यांत मला हा खेळ कुणी इतक्या थोडक्यात समजावून दिला नव्हता. त्या क्षणी मला मामांविषयी खरेच माया वाटली, आणि म्हणूनच पुढे जे झाले ते मला अधिक लागले.

मेजावरचे पुस्तक त्यांनी उचलले आणि माझ्या पेन्सिलीच्या रेघेवर बरोबर बोट ठेवले. आकडे वाचून ते गंभीर झाले.

“औषधपाणी पुस्तकांपेक्षा महाग? यावर लेखापरीक्षकाने आक्षेप घेतला नाही?”

“लेखकाने घेतला, मामा.”

“लेखकाला कोण विचारतो!”

हे मला उद्देशून नव्हते, असे मी धरून चाललो आहे.

मग ते शांत झाले. फोन नाकाशी धरून ते एका बोटाने काही टंकत होते आणि प्रत्येक अक्षराला फोनमधून ‘टक्’ असा आवाज येत होता. ओळखीच्यांना शुभरात्रीचे संदेश चालले असतील, असे मला वाटले. पडद्यावर प्रशिक्षक एरिक टेलरच्या घरात नवराबायकोचा तंटा रंगला होता. टॅमीला फिलाडेल्फियात मोठी नोकरी चालून आली आहे आणि नवऱ्याच्या खेळासाठी आजवर तिने काय काय सोडले याचा हिशोब ती पहिल्यांदाच मोठ्याने मांडते आहे. त्यात मामांनी “बदलीच्या ठिकाणी जावेच लागते” एवढीच भर घातली. एरिकच्या भूमिकेसाठी काइल चँडलर या नटाला २०११ सालचा एमी हा अमेरिकी टीव्हीचा पुरस्कार मिळाला, तो का मिळाला हे पाहत मी भारावून बसलो होतो.

आणि राज्य अजिंक्यपदाचा अंतिम सामना आला. शेवटचे काही क्षण. टेलरच्या ईस्ट डिलन संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, व्हिन्स चेंडू लांब फेकतो. बाकीचे आवाज विरत जातात. चेंडू दिव्यांच्या झोतात गिरक्या घेत वर चढतो, खाली सगळे चेहरे वर वळलेले. खोलीत मीही वर पाहत होतो, जणू चेंडू आमच्या छतालाच लागणार होता. तेवढ्यात शेजारून, चष्मा कपाळावर ढकललेल्या आणि हनुवटीवर फोनचा निळसर उजेड पडलेल्या मामांनी निकाल जाहीर केला.

ते काय म्हणाले ते मी इथे लिहिणार नाही. माझ्यासारखा आणखी कुणी मागे पडलेला असू शकतो. मालिकाकारांनी तिथे काय केले आहे, ते मात्र सांगितलेच पाहिजे. तो चेंडू टेक्सासमध्ये उडतो आणि खाली येतो तो काही महिन्यांनंतर फिलाडेल्फियातल्या मैदानावर. निकाल ते दाखवतच नाहीत. नंतरच्या एका बारीकशा खुणेवरून ज्याचा त्याने ओळखायचा. पत्रकार ज्या शहरातून निघून टेक्सासला गेला, त्याच शहरात मालिका आपल्या प्रशिक्षकाला नेऊन सोडते, हेही मला तेव्हाच सुचायला हवे होते, पण माझे लक्ष ठिकाणावर नव्हते. (प्रशिक्षक कुठे जातो हे मी आत्ता सांगून टाकले, हे आधीचे वाक्य लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आले. मामांच्या पंक्तीला जाऊन बसायला एवढेसे कारण पुरते.)

मामांनी पडद्याकडे पाहिले, फोनकडे पाहिले आणि मान हलवली.

“पाहा, यांनी दाखवलेसुद्धा नाही. मी होतो म्हणून तुम्हाला कळले.”

मामेसासऱ्यांना काय बोलता येते? मी “हो ना” असे म्हणालो. पाच वर्षे लेखकांनी, दिग्दर्शकांनी आणि नटांनी मेहनत करून तो चेंडू हवेत ठेवला होता, आणि या गृहस्थांनी त्याची वसुली करून टाकली. झोपायला जाताना त्यांनी माझा खांदाही थोपटला.

काल रात्री त्यांचा फोन आला. त्यांनी घरी मालिका पहिल्या भागापासून सुरू केली आहे. खेळ समजल्यामुळे फार मजा येते आहे, असे म्हणाले; पण पुढचे काही सांगू नका, सांगितले की सगळी लज्जत जाते, असेही त्यांनी मला दोनदा बजावले. फोन ठेवता ठेवता थांबले.

“तो देखणा पोरगा, जेसन स्ट्रीट, पहिल्याच सामन्यात पडला हो. मानेला लागले आहे. पण पुढच्या भागात उठेल ना?”

“पाहा तुम्ही, मामा,” मी म्हणालो.