कळीचा मुद्दा

सोमवारी सकाळी लॅपटॉपने मला ओळख दाखवली नाही. पासवर्ड टाकला, चुकीचा आहे म्हणाला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. आमच्याकडे दर 90 दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो, त्यामुळे तो विसरणं ही माझी तिमाही प्रथा आहे. पण हा शुक्रवारपर्यंत व्यवस्थित चालला होता. तिसऱ्या खेपेला घाम फुटला, कारण पाच चुका झाल्या की खातं बंद पडतं आणि ते उघडून घ्यायला जो फोन करावा लागतो, त्यावर तासभर नुसतं संगीत ऐकावं लागतं. चौथ्या खेपेला शहाण्यासारखे ठिपके मोजले. पासवर्ड 11 अक्षरांचा. ठिपके 10.

मग एकेक कळ थांबून दाबत गेलो, तेव्हा गैरहजर इसम सापडला. आर.

रविवारची रात्र डोळ्यांपुढे आली. चहात बुडवलेली खारी. खारी किती वेळ बुडवायची याचं एक शास्त्र आहे. क्षणभर जास्त झालं की तिची मान मोडते. माझ्या खारीची मोडली ती नेमकी ई आणि टी यांच्या मधोमध. रुमालाने पुसलं, कुणी बघितलं नाही याची खात्री केली आणि झोपलो. पण चहातलं पाणी उडून जातं, साखर मुक्कामाला राहते. प्रत्येक कळेखाली रबराची इवलीशी टोपी असते. कळ दाबली की टोपी दबते, खालच्या पातळ पडद्यांवरचे दोन संपर्क एकमेकांना टेकतात आणि यंत्राला समजतं, अमुक आडवी ओळ, अमुक उभी ओळ, म्हणजे आर. माझ्या टोपीखाली आईच्या हातच्या चहाचा एकतारी पाक झाला होता.

26 अक्षरांतलं एक गेलं तर काय बिघडतं, असं मलाही वाटलं. कंपनीच्या आयटी विभागाकडे तक्रार लिहायला बसलो तेव्हा बिघडायला सुरुवात झाली. तक्रार इंग्रजीत लिहायची. ‘आर की नॉट वर्किंग’ या वाक्यातून दोन्ही आर वगळून जे पोचलं ते ‘की नॉट वोकिंग’. उत्तर आलं, ‘विच की?’ मी लिहिलं, ‘द वन बिट्वीन ई अँड टी.’ एकही आर न वापरता इतकं नेमकं वाक्य जमल्याचा मला अभिमान वाटत होता, तोवर पुढचं उत्तर आलं: ‘प्लीज मेन्शन द नेम ऑफ द की.’ शेवटी मोबाइलवर कीबोर्डचा फोटो काढला, त्यावर लाल बाण मारला आणि पाठवला. इंजिनिअर उद्या येईल असं कळलं.

तोवर काम थांबवता येणार नव्हतं. मी जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहितो. इतकी वर्षं लिहितो, पण त्या भाषेचा कणा म्हणावी अशी वस्तू आर आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इफ, एल्स, व्हाइल, नल शाबूत. फॉर गेला. रिटर्न गेला, तोही दोन ठिकाणी. ट्राय गेला आणि कॅच उरला, म्हणजे प्रयत्न न करता झेलायचं. थ्रोही गेला, म्हणजे झेलायला काही येणारही नव्हतं. सगळ्यात कहर एररचा. पाच अक्षरांतले तीन आर! ते काढले की मागे राहतात ई आणि ओ, म्हणजे समोरच्या गॅलरीतल्या माणसाला मारलेली हाक.

फॉल्स लिहिता येत होतं, ट्रू लिहिता येत नव्हतं. सोमवारभर मी फक्त खोटंच लिहू शकत होतो. मग युक्ती सुचली. फॉल्सच्या आधी उद्गारचिन्ह टाकलं की ‘नॉट फॉल्स’ होतं आणि यंत्र ते निमूटपणे खरं मानतं. कोर्टातला अनुभवी साक्षीदारही ‘खरं आहे’ म्हणत नाही, ‘खोटं आहे असं म्हणता येणार नाही’ असंच म्हणतो. फॉरऐवजी व्हाइल चालवला. रिटर्न टाळायला जिथे तिथे बाणवाली फंक्शनं लिहिली, कारण एका ओळीच्या बाणाला रिटर्न लागत नाही. संध्याकाळपर्यंत माझा कोड एखाद्या मौनी बाबासारखा दिसायला लागला होता. सगळं खुणांनी.

गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी वही, वापरणाऱ्यांना पुढचं दुःख कळेल. ॲड, कमिट, पुश, कशातच आर नाही. रिव्हर्ट, रीसेट, रिस्टोअर, सगळ्यांत आहे. पुढे जायला मोकळं रान आणि मागे फिरायचा रस्ता बंद. ब्लेम मात्र ठणठणीत. कुठली ओळ कुणी लिहून ठेवली हे शोधायची आज्ञा ती. म्हणजे दुसऱ्याकडे बोट दाखवता येत होतं, स्वतः सॉरी म्हणता येत नव्हतं. आमच्या टीममध्ये काही जण चांगला कीबोर्ड असूनही असंच काम करतात, पण ते असो.

‘बाहेरचा कीबोर्ड लाव की,’ असं बायको सोमवारी दुपारीच म्हणाली होती. घरात एक होता. माळ्यावरून काढला, धूळ झटकली आणि टोक बघितलं. जांभळं, गोल, आत बारीक सुया. जुन्या डेस्कटॉपच्या मागे हिरवं माउसचं आणि जांभळं कीबोर्डचं असायचं, ते. माझ्या लॅपटॉपला कडेला दोन चपट्या फटी आहेत, बस्स. तपकीर गल्लीत साडेतीनशेला नवा मिळाला असता. पण इंजिनिअर उद्या येणारच होता, मग एका दिवसासाठी 350 रुपये कशाला? हा हिशेब मी सोमवारी केला, मंगळवारी केला, बुधवारी केला. रोज तो बरोबरच येत होता.

मंगळवारी ऑफिसातल्या मित्रांनी सल्ले दिले. एक म्हणाला, आल्ट दाबून 114 टाक, आरचा आस्की, म्हणजे यंत्रासाठीचा क्रमांक तोच. त्यासाठी उजवीकडचं आकड्यांचं पॅड लागतं, ते माझ्या 14 इंची यंत्राला नाही. दुसरा म्हणाला, कुठून तरी एक आर कॉपी कर आणि लागेल तिथे पेस्ट कर. हे छान चाललं, पंधरा मिनिटं. नंतर लक्षात आलं की प्रोग्रामरचं अर्धं आयुष्य कॉपी-पेस्टवर चालतं आणि माझा क्लिपबोर्ड एका आरने अडवून ठेवलाय. दुसरं काही उचललं की आर हरवायचा आणि नव्या आरच्या शोधात निघावं लागायचं. एकदा ‘फॉर’च्या जागी अख्खा चाळीस ओळींचा तुकडा चिकटला. एफ, ओ आणि मग चाळीस ओळी. तरी तो चालला, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

याच दिवशी मला कळलं की आर त्या जागेवरचा मूळ रहिवासी नाही. शोल्स यांच्या टाइपरायटरचा आराखडा 1873 साली रेमिंग्टनकडे गेला, तेव्हा ई आणि टी यांच्या मध्ये पूर्णविराम होता. कंपनीने फेरफार करताना तिथे आर आणून बसवला. माझ्या घरी जागेने जुना मालक परत बोलावला होता, एवढंच.

बुधवारी बाबा लॅपटॉप मागायला आले. सोसायटीच्या सेक्रेटरींना पाण्याबद्दल पत्र लिहायचं होतं. बाबा सरकारी नोकरीत इनस्क्रिप्ट ही देवनागरी कळांची मांडणी शिकले, त्यामुळे मराठी लिहिताना ते त्याच पद्धतीने टाइप करतात. मी म्हटलं, ‘बाबा, आर चालत नाहीये.’ ते म्हणाले, ‘माझा र जे वर असतो.’ आणि बसले. दोन मिनिटांनी आतून हाक आली. इनस्क्रिप्टमध्ये आरच्या कळेवर दीर्घ वेलांटी असते, शिफ्टसकट दाबलं की दीर्घ ई. पडद्यावर होतं, ‘टाक रिकाम आहे, पाण येत नाह.’ मराठीत ‘हो’ लिहिता येत होतं, ‘नाही’ लिहिता येत नव्हतं. बाबा लिहिता येत होतं, आई नाही. ‘मी’सुद्धा गेला होता.

‘ऱ्हस्व वेलांटी टाका ना, कळेल त्यांना,’ मी सुचवलं.

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. ‘पाणि म्हणजे हात. टाकीत हात येत नाही म्हणून तक्रार करू?’ आणि कागद-पेन घेऊन बसले. पत्र दहा मिनिटांत झालं. पाणी गुरुवारी दुपारी आलं.

आईने बुधवारी रात्री लॅपटॉप तांदळात ठेवायचा उपाय काढला. तिच्या मैत्रिणीचा मोबाइल असाच बरा झाला म्हणे. मी समजावलं की तांदळाने ओल कदाचित शोषली जाईल, साखर कशी जाणार? ‘ठेवून तर बघ,’ म्हणाली आणि कोलमचा डबा मागे सरकवून पुढे रेशनचा डबा ठेवला. इतक्या महागाच्या यंत्राला आंबेमोहोर नको, निदान कोलम तरी? सकाळी आर तसाच होता आणि ए च्या खाली एक कणी गेली होती. तीन दिवसांत मी एका कळेवरून दीड कळेवर आलो.

मग शेवटचा मार्ग धरला. कॅप्स लॉक. कीबोर्डवर इतकी मोक्याची जागा अडवून बसलेला, मालकाचा लांबचा नातेवाईक वाटावा असा हा ऐदी कर्मचारी. एक छोटं सॉफ्टवेअर बसवून त्याला आरचं काम दिलं. गुरुवार सकाळ अडखळत गेली, पण दुपारनंतर डावी करंगळी अशी सरावली की मला जन्मभर आर तिथेच होता असं वाटायला लागलं.

शुक्रवारी इंजिनिअर आला. त्याने यंत्र उलटं केलं, स्क्रू काढले आणि जीभ टाळ्याला लावून ‘चक्’ केलं. अशा लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या पत्र्याला रिव्हेटने ठोकलेला असतो, म्हणून एक कळ बदलायची तर पत्रा, टचपॅड सगळंच बदलावं लागेल. एका खारीच्या तुकड्यासाठी अर्धा लॅपटॉप नवा आला. ‘लिक्विड डॅमेज का?’ त्याने विचारलं. ‘खारी,’ मी म्हटलं. फॉर्ममध्ये तसा पर्याय नव्हता. मी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि कॅप्स लॉकला त्याच्या मूळ रिकामपणात परत पाठवलं.

सोमवारी मॅनेजरचा मेसेज आला. आमचे मॅनेजर साताऱ्याचे, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. ‘त्या कोडमध्ये सतरा ठिकाणी नॉट फॉल्स काय आहे?’ मी घाईघाईने सॉरी लिहायला घेतलं. मेंदूला माहीत होतं की आर परत आलाय. करंगळीला कुणी कळवलं नव्हतं. तिने दोनदा कॅप्स लॉक दाबला, एकदा चालू, एकदा बंद, आणि मी बघेपर्यंत एस, ओ, वाय एवढीच तीन अक्षरं निघून गेली होती.

त्यांचं उत्तर लगेच आलं. ‘कुणाची सोय?’