‘झाडू मारायला कोच कशाला?’ म्हणणाऱ्यांना

रविवारी आईने फॅमिली ग्रुपवर तो फिरणारा मेसेज टाकला. कर्लिंगचा (बर्फावरून दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासायचा, तो खेळ) व्हिडिओ आणि खाली मजकूर: हा कसला खेळ, आमच्याकडे बायका रोज झाडू मारतात, घासलं की दगड हवा तसा वळतो, आणि मागे खुर्चीत बसलेला तो जर्मन कोच कधी बर्फावर उतरला तरी असेल का!

माझी बारा वर्षांची लेक म्युनिकजवळ दोन हिवाळे कर्लिंग शिकतेय. मेसेज वाचून तिने विचारलं, "आजीला वाटतं का मी झाडू मारते?" म्हणून हे लिहितेय.

आधी कोच, कारण ते धडधडीत खोटं आहे. जर्मनीचे राष्ट्रीय प्रशिक्षक उली काप. बव्हेरियातल्या फ्युसेनमध्ये 1997 साली युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा थोरला भाऊ अँडी कप्तान आणि उली संघात. घरच्या बर्फावर त्यांनी सुवर्ण जिंकलं. पुढच्याच वर्षी नागानो ऑलिम्पिक, मग 2006 मध्ये तुरीन. दोन्हीकडे पदक नाही मिळालं, हे मान्य. पण कधी बर्फावर उतरलाच नाही? नोव्हेंबर 2024 मध्ये फिनलंडच्या लोह्यात जर्मन पुरुषांनी 20 वर्षांनी पुन्हा युरोपियन सुवर्ण जिंकलं, ते उलींच्याच कारकिर्दीत.

कोच बसून असतो, एवढं मात्र खरं. जागतिक कर्लिंग महासंघाची नियमावली उघडून बघा: डाव चालू असताना त्याने खेळाडूंशी बोलायचंच नाही. टाइमआउटमध्ये बोलता येतं, पण तो साठ सेकंदांचा. त्याचं काम सामन्याआधी होतं: कुठला दगड किती वळतो, बर्फ कुठे जड आहे म्हणजे दगड कुठे हळू जातो, हे सरावात तपासून ठेवायचं.

आता घासणं. दगड ग्रॅनाइटचा, जवळपास 20 किलोचा. बर्फ गुळगुळीत नसतो, त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक खडबडीतपणा आणलेला असतो. ब्रशने जोरात घासलं की बर्फ किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि *कमी* वळतो. मेसेजमध्ये नेमकं उलटं लिहिलंय! वळण दगड सोडतानाच मुठीने द्यायचं असतं. सगळा भार ब्रशवर टाकून दगडाच्या पुढे पळायचं, तेही घसरत्या बर्फावर. लेक सरावाहून येते तेव्हा तिचे खांदे दुखत असतात.

झाडू मारणाऱ्या बायकांना हिणवायला खेळ कशाला हवा, ते वेगळंच.

आई, तू तो मेसेज भिशीच्या ग्रुपवरही टाकलास. हेही तिथे टाक.