"रीडरला लॉक कशाला?" म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

मल्टिथ्रेडिंगचा, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांचा (थ्रेड्सचा), एक सल्ला सध्या सगळीकडे फॉरवर्ड होतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: "एकच थ्रेड लिहितो आणि बाकीचे फक्त वाचतात ना, मग लॉक लिहिणाऱ्यानेच घ्यायचा. वाचल्याने डेटा बिघडत नाही. इंटिजर वाचणं तसंही ॲटॉमिक असतं. शंका असेल तर व्होलटाइल लावा, आणि तरी समाधान होत नसेल तर रीड-राइट लॉक टाका, तो म्युटेक्सपेक्षा फास्टच असतो." ऐकायला इतकं सरळ वाटतं की मीसुद्धा काही वर्षं हेच मानत होतो. म्हणून एकेक वाक्य घेतो. (नव्यांसाठी: रीडर म्हणजे वाचणारा थ्रेड, रायटर लिहिणारा. लॉक म्हणजे सामायिक डेटाला हात लावायची पाळी, म्युटेक्स हा त्याचा साधा प्रकार, एका वेळी एकच थ्रेड. रीड-राइट लॉकमध्ये रीडर अनेक, पण रायटर एकटाच. ॲटॉमिक म्हणजे मध्येच न तुटता होणारं, आणि व्होलटाइल हा व्हेरिएबलला लावायचा एक शब्द.)

"वाचल्याने डेटा बिघडत नाही." बरोबर, डेटा नाही बिघडत. पण अर्धवट डेटा वाचून रीडर जे पुढे करतो ते बिघडतं त्याचं काय? म्युटेक्स काही मेमरीला कुलूप घालत नाही, तो फक्त थ्रेड्सनी आपसात ठरवलेला नियम आहे, ज्याने लॉक मागितलाच नाही त्याला कोणी अडवत नाही. एका हाताने टाळी वाजत नाही तसंच हे. माझाच किस्सा सांगतो, सी प्लस प्लसमधली एक सर्व्हिस होती, कॉन्फिग बदललं की एक थ्रेड लॉक घेऊन सर्व्हरची यादी रिकामी करायचा आणि पुन्हा भरायचा, आणि रिक्वेस्ट हाताळणारे थ्रेड ती यादी लॉक न घेता बिनधास्त वाचायचे. कधीतरी लॉगमध्ये "एकही सर्व्हर उपलब्ध नाही" यायचं, आम्ही नेटवर्कवाल्यांच्या नावाने बोटं मोडायचो, मग एक दिवस सरळ क्रॅश झाला तेव्हा कळलं की यादी वाढताना तिची जुनी मेमरी मोकळी केली जाते आणि रीडर त्याच मोकळ्या केलेल्या मेमरीत फिरत होता. कोड माझाच होता, हे वेगळं सांगायला नको. गो भाषेत तर रनटाइमच (प्रोग्रामसोबत चालणारी भाषेची यंत्रणा) असं मॅपचं, म्हणजे की-व्हॅल्यूच्या कोशाचं, एकाच वेळी वाचन-लेखन सापडलं की प्रोग्राम बंद पाडतो, १.६ व्हर्जनपासून. सापडेलच याची खात्री नाही, पण सापडलं तर माफी नाही.

"इंटिजर वाचणं ॲटॉमिक असतं." हार्डवेअरपुरतं बोलायचं तर नेहमीच्या प्रोसेसरवर नीट अलाइन केलेला (मेमरीत योग्य पत्त्यावर बसवलेला), मशीनच्या वर्डएवढा, म्हणजे ती एका वेळी हाताळते तेवढा, इंटिजर एका फटक्यात वाचला जातो, मान्य. पण ३२ बिटच्या मशीनवर ६४ बिटचा काउंटर असेल तर? ४२९४९६७२९५ वरून एकने पुढे जाताना खालचा अर्धा भाग आधी लिहिला गेला तर मधल्या क्षणी रीडरला दिसतं शून्य, आणि वरचा आधी लिहिला गेला तर ८५८९९३४५९१. हे दोन्ही आकडे त्या क्षणी काउंटरमध्ये कोणी टाकलेच नव्हते! जावाच्या स्पेसिफिकेशनमध्येही साध्या ६४ बिटच्या लाँग आणि डबलला असं दोन तुकड्यांत लिहायची मुभा आहे.

पण खरा घोळ प्रोसेसरचा नाहीच, कंपायलरचा आहे. समजा रीडर "डन" नावाचा साधा बूलियन खरा होईपर्यंत लूपमध्ये फिरतोय. कंपायलर बघतो की या लूपमध्ये "डन" कोणी बदलत नाही, मग दरवेळी मेमरीत कशाला जायचं, एकदाच वाचतो आणि खोटा निघाला तर कायमचा फिरत राहतो. डीबग बिल्डमध्ये चालतं, ऑप्टिमायझेशन चालू केलं की लटकतं, आणि मग लोक कंपायलरला बग म्हणून शिव्या देतात. कंपायलरची चूक नाही यात. सी आणि सी प्लस प्लसच्या २०११ च्या स्टँडर्डमध्ये स्पष्ट आहे की साध्या व्हेरिएबलवर डेटा रेस झाली (ताळमेळ न ठेवता एक लिहीत असताना दुसऱ्याने वाचलं किंवा लिहिलं) तर वागणूक अनडिफाइंड, म्हणजे "जुनी नाहीतर नवी व्हॅल्यू मिळेल" एवढीही हमी नाही.

"मग व्होलटाइल लावा." कुठल्या भाषेत ते आधी सांगा. जावामध्ये २००४ च्या जावा ५ पासून व्होलटाइलला खरंच वजन आहे, लिहिणाऱ्याने त्याआधी जे जे लिहिलं ते सगळं ती व्हॅल्यू वाचणाऱ्याला दिसतं. (तरी व्होलटाइल काउंटरला प्लस प्लस करणं तिथेही ॲटॉमिक नाही हं, वाचणं, वाढवणं, लिहिणं या तीन पायऱ्याच राहतात.) सी आणि सी प्लस प्लसमधला व्होलटाइल हा वेगळाच प्राणी, तो डिव्हाइसच्या रजिस्टरसारख्या गोष्टींसाठी आहे, थ्रेड्समध्ये क्रम राखायची जबाबदारी त्याने घेतलेलीच नाही. समजा रायटरने आधी डेटा भरला, मग "तयार" फ्लॅग लावला, अगदी शिस्तीत. एआरएमवर (फोनमधला प्रोसेसर) रीडरचा डेटा वाचणारा लोड, म्हणजे मेमरीतून वाचणं, फ्लॅगच्या लोडच्या आधी होऊ शकतो, म्हणजे फ्लॅग नवा आणि डेटा शिळा. रायटरने कितीही काळजी घेतली तरी हे थांबत नाही, कारण क्रम रीडरच्या बाजूला मोडलाय! तिथे ॲटॉमिक फ्लॅग आणि अक्वायर लोडच हवा, म्हणजे पुढची वाचनं आपल्या आधी सरकू न देणारा लोड. "माझ्या मशीनवर तर कधी झालं नाही" म्हणाल तर ते बहुतेक एक्स८६ (इंटेल-एएमडीचा पीसीतला प्रोसेसर) असेल, त्याचं हार्डवेअर दोन लोड उलटसुलट झाल्याचं दिसू देत नाही. कंपायलर मात्र तिथेही उलटसुलट करू शकतो, आणि तोच कोड फोनवर गेला की एआरएम आहेच.

आता रीड-राइट लॉक "फास्टच असतो". गंमत अशी की नेहमीच्या रीड-राइट लॉकमध्ये रीडरलासुद्धा लिहावं लागतं. आत किती रीडर आहेत तो आकडा वाढवायचा आणि जाताना कमी करायचा, म्हणजे तीच कॅश लाइन (मेमरीचा छोटा तुकडा, बहुतेक ६४ बाइट्सचा) सगळ्या कोअर्समध्ये इकडून तिकडे. आत काम दोन-चार इन्स्ट्रक्शनचं असेल तर साधा म्युटेक्स बरेचदा पुढे निघतो. वाचन लांबलचक आणि लेखन क्वचित असेल तेव्हा हा लॉक कामाचा, आणि तेव्हाही मोजून बघा. वर त्याची स्वतःची दुखणी आहेत. रीडर्सना प्राधान्य दिलं तर रायटर ताटकळत राहतो, रायटरला दिलं तर रीडर, हा वाद १९७१ च्या कुर्तुआ, हेमान्स आणि पार्नास यांच्या पेपरपासून चालू आहे. लिनक्सवरच्या जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये डीफॉल्टला रीडर्सचं पारडं जड. गोमध्ये रायटर रांगेत उभा राहिला की नवे रीडर थांबतात, त्यामुळे एकाच गोरूटीनने (गोच्या हलक्या थ्रेडने) रीड लॉक हातात असताना पुन्हा रीड लॉक मागितला तर डेडलॉक, म्हणजे कायमची कोंडी, होऊ शकतो. आणि दोन रीडर्सनी रीड लॉक न सोडता राइट लॉक मागितला की दोघं एकमेकांची वाट बघत बसलेच.

लॉकशिवाय वाचणं शक्यच नाही असं मी म्हणत नाहीये. लिनक्स कर्नलमध्ये आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) ही पद्धत २००२ पासून आहे, तिथे रीडर जवळपास फुकट वाचतो, पण सगळे जुने रीडर बाहेर पडल्याशिवाय जुनी मेमरी मोकळी करायची नाही हे ओझं रायटरवर असतं. सीक्वेन्स लॉकमध्ये रायटर आकडा विषम करतो, काम झालं की सम, आणि रीडरने आधी आणि नंतर तो आकडा तपासायचा, बदलला असेल किंवा विषम असेल तर पुन्हा वाचायचं. लिनक्सवर सिस्टिमची वेळ अशीच वाचली जाते. बघा, दोन्हीकडे रीडरलाही नियम आहेतच, "बिनधास्त वाचा" कुठेच नाही.

शंका असेल तर वाद घालत बसण्यापेक्षा थ्रेड सॅनिटायझर (डेटा रेस पकडणारं टूल) लावून टेस्ट चालवा, प्रोग्राम ५ ते १५ पट हळू होतो पण रेस थेट ओळ नंबरसकट दाखवतो. फक्त जो कोड त्या रनमध्ये चालला त्यातलीच सापडते, एवढं लक्षात ठेवा.

आमच्या त्या यादीचं शेवटी असं केलं: नवी यादी बाजूला पूर्ण बांधायची, नंतर तिला कोणी हात लावायचा नाही, आणि लॉकखाली फक्त शेअर्ड पॉइंटर (यादीचा असा पत्ता, जो शेवटचा वापरणारा सोडेपर्यंत तिची मेमरी टिकवतो) बदलायचा. रीडरही तोच साधा म्युटेक्स घेतो, पॉइंटरची कॉपी काढण्यापुरता, आणि पुढे निवांत वाचत बसतो. सर्व्हिस हळू झाल्याची तक्रार अजून कोणी केलेली नाही.